सीताबर्डीची टेकडी ज्वालामुखीचं तोंड आहे का? आणि शील्ड ज्वालामुखी म्हणजे नेमकं काय?

नागपूरच्याच एका एमपीएससी करणाऱ्या मुलाचा प्रश्न आहे. क्लासमध्ये त्याने ऐकलं की दख्खनचं पठार शील्ड ज्वालामुखीपासून बनलं, वरून मित्राने सांगितलं की बर्डीची टेकडी म्हणजे त्या ज्वालामुखीचं तोंड आहे, तर यात खरं किती, शील्ड ज्वालामुखी म्हणजे काय, आणि इथे परत उद्रेक होऊ शकतो का. मी आयुष्यभर जिओलॉजीच केली, विदर्भातला ट्रॅप, म्हणजे दख्खनच्या लाव्हाचे थरावर थर, पायी फिरून मॅपिंग केलं, बोअरवेलमधून निघालेली चुरी तळहातावर घेऊन पाणी कुठे लागेल ते सांगितलं, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, वाचायला वेळ काढ.

आधी सरळ उत्तर. बर्डीची टेकडी कोणत्याही ज्वालामुखीचं तोंड नाही. दख्खनचं पठारही शील्ड ज्वालामुखी नाही, ते भेगांमधून झालेल्या उद्रेकांचं काम आहे. पण दख्खन आणि शील्ड ज्वालामुखी, दोन्हीचा दगड एकच, बेसाल्ट, म्हणजे पातळ लाव्हा थिजून झालेला काळा दगड, आणि ज्या उष्णतेने दख्खनचा लाव्हा वर आला असं बहुतेक जिओलॉजिस्ट मानतात तीच उष्णता आज हिंदी महासागरात एक खराखुरा शील्ड ज्वालामुखी पेटता ठेवून आहे. म्हणजे क्लासमधल्या सरांचं वाक्य चूक असलं तरी नातं आहेच, ते नातं काय ते खाली येईल.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जपानच्या फुजीसारखा उभा शंकू येतो. शील्ड ज्वालामुखी तसा दिसतच नाही. ढाल जमिनीवर पालथी ठेवावी तसा पसरट, उतार इतका कमी की कित्येक ठिकाणी ४-५ अंशसुद्धा भरत नाही, आणि अंगावर उभं राहिलं तर आपण डोंगरावर आहोत हे लक्षातही येत नाही. हवाईचा मौना लोआ घे. समुद्रसपाटीपासून ४१६९ मीटर, हवाई बेटाची जवळजवळ अर्धी जमीन एकट्या त्याची. पण त्याचा पाया समुद्राच्या तळाशी आहे, पाण्याखालचा भाग धरला तर उंची ९ किलोमीटरच्या वर जाते. आणि एवढं वजन पडल्यामुळे खालचा समुद्रतळच आणखी ८ किलोमीटर खाली वाकलाय, म्हणजे लाव्हाचा एकूण ढिगारा १७ किलोमीटर जाडीचा. शेजारचा मौना केआ ४२०७ मीटरचा, पायथ्यापासून मोजला तर १० किलोमीटरच्या वर, एव्हरेस्टपेक्षा उंच. हे आकडे पाठ करण्यापेक्षा एवढा पसरट डोंगर एवढा उंच कसा होतो ते समजून घे, खरी मजा तिथे आहे.

सगळा खेळ लाव्हा किती पातळ आहे याचा. गुळाचा पाक कच्चा असला की ताटभर पसरतो आणि पक्का झाला की जिथल्या तिथे ढेकूळ होऊन बसतो, लाव्हाचं तसंच, फक्त इथे पक्केपणा ठरवते ती सिलिका, म्हणजे वाळू ज्याची असते ते द्रव्य. बेसाल्टमध्ये सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस, म्हणून तो वाहतो. सिलिका वाढली, तापमान उतरलं की लाव्हा चिकट होतो, त्यातला गॅस अडकून बसतो आणि शेवटी स्फोट करून निघतो, राख आणि दगड उडतात, तोंडाभोवतीच साचतात, त्यातून उभा शंकू तयार होतो. बेसाल्टमधला गॅस मात्र सहज सुटतो, त्यामुळे लाव्हाची कारंजी उडतात, नद्या वाहतात, पण अख्खा डोंगर फुटत नाही. १९५० साली मौना लोआचा लाव्हा चार तासांच्या आत समुद्राला जाऊन मिळाला होता, त्यावरून वेगाचा अंदाज येईल.

आता पातळ असला तरी उघड्यावर वाहणारा लाव्हा निवतो, मग तो दहा-दहा, वीस-वीस किलोमीटर जातो कसा? तर वरची साय आधी घट्ट होते, तिचं छत बनतं आणि आत बोगदा तयार होतो, लाव्हा ट्यूब म्हणतात. छताखाली लाव्हा इतका झाकलेला राहतो की एका किलोमीटरला त्याचं तापमान जेमतेम एखादा अंश उतरतं. उद्रेक संपला की आतला रस निघून जातो आणि पोकळ गुहा उरते. हवाईतली काझुमुरा गुहा अशीच आहे, ६५ किलोमीटरपेक्षा जास्त मोजून झालीय. माझ्या मते शील्ड ज्वालामुखी समजायला शिखरापेक्षा हे बोगदे जास्त महत्त्वाचे आहेत, कारण लाव्हा तोंडापाशी न साचता लांब कडेपर्यंत पोचतो तो यांच्यातूनच, म्हणून डोंगर उंच व्हायच्या आधी रुंद होतो. पुस्तकात यावर दोन ओळी असतात, वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे लाव्हा फक्त शिखरावरून येत नाही. शिखराखाली शिलारसाचा, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या दगडाचा, साठा असतो आणि तिथून दोन-तीन दिशांना अंगाला भेगांचे पट्टे गेलेले असतात, त्यांना रिफ्ट झोन म्हणतात. शिलारस जमिनीखालून या पट्ट्यात सरकतो आणि लांब कुठेतरी बाहेर पडतो. त्यामुळे हे डोंगर गोल नसतात, लांबट असतात. २०१८ साली किलाउआवर हेच झालं. मे महिन्यात शिखराखालचा शिलारस पूर्वेच्या पट्ट्यातून ४० किलोमीटरवर गेला आणि लेलानी इस्टेट्स नावाच्या वस्तीत रस्त्यांना भेगा पडून तिथून लाव्हा निघाला, ७०० च्या आसपास घरं गेली. तिकडे शिखराखालचा साठा रिकामा होत होता म्हणून शिखरावरच्या खड्ड्याचा तळ तुकड्या-तुकड्याने खचत गेला, काही ठिकाणी तर ५०० मीटर खाली गेला. शील्ड ज्वालामुखीच्या माथ्यावरचा मोठा खड्डा, म्हणजे कॅल्डेरा, हा असा बनतो, वरचं उडून नाही तर खालचा आधार गेल्याने खचून. मुलं परीक्षेत नेमकं उलटं लिहितात.

पण शील्ड म्हणजे शांत आणि बिनधोक असं समजू नकोस. शिलारसाला जमिनीतलं पाणी भेटलं की वाफेचा स्फोट होतो. किलाउआवर १७९० साली असा स्फोट झाला त्यात बरीच माणसं मेली, १९२४ सालीही स्फोट झाले. शिवाय हे डोंगर स्वतःच्या वजनाने कडेने घसरतात, १९७५ मध्ये किलाउआची दक्षिण बाजू सरकली तेव्हा ७ पेक्षा मोठा भूकंप होऊन त्सुनामी आली.

सगळे शील्ड हवाईसारखेच असतात असंही नाही. आइसलंडमधला स्क्याल्डब्रेडुर जेमतेम १०६० मीटरचा, साधारण ९ हजार वर्षांपूर्वीचा, एकाच लांबलेल्या उद्रेकात झालेला मानतात. गॅलापागोसचे शील्ड वरच्या बाजूला बरेच उभे आहेत, कारण तिथे माथ्याभोवती गोल भेगा पडतात. इथिओपियातल्या एर्टा आलेवर लाव्हाचं तळं वर्षानुवर्षं उकळत राहिलंय. आणि मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स तर २२ किलोमीटर उंच आणि ६०० किलोमीटर रुंद, नागपुरातून निघून नाशिकच्या जवळ पोचशील एवढा. तिथे प्लेट, म्हणजे कवचाचे मोठाले तुकडे, पृथ्वीवरच्यासारखे सरकत नाहीत म्हणून लाव्हा कोट्यवधी वर्षं एकाच जागी साचत गेला, गुरुत्वाकर्षणही कमी.

प्लेटवरूनच आपली गोष्ट सुरू होते. जे. टुझो विल्सन नावाच्या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने १९६३ साली मांडलं की हवाईच्या बेटांची रांग ही एकाच गरम ठिकाणावरून समुद्रतळ सरकत गेल्याने तयार झाली. गरम ठिकाण, म्हणजे हॉटस्पॉट, खाली जागेवर, वरची प्लेट वर्षाला ७ ते १० सेंटीमीटर पुढे जाते, जुना ज्वालामुखी विझतो, नवा पेटतो. विझलेला डोंगर झिजतो, खचतो, शेवटी पाण्याखाली जातो. हवाईच्या आग्नेयेला पाण्याखाली पुढचा ज्वालामुखी तयार होतोयच, माथा समुद्रसपाटीच्या खाली जवळपास एक किलोमीटरवर आहे.

आता हाच हिशोब हिंदी महासागरात लाव. मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं फ्रान्सचं बेट आहे, त्याच्यावर पितों द ला फुर्नेझ हा २६०० मीटरच्या वर उंची असलेला शील्ड ज्वालामुखी आहे, जगातल्या सगळ्यात जास्त वेळा पेटणाऱ्यांपैकी एक. १९७७ साली त्याचा लाव्हा सेंत-रोझ भागातल्या एका चर्चच्या दारापर्यंत आला, उंबरठा ओलांडला आणि थांबला, चर्च आजही उभं आहे. २००७ च्या एप्रिलमध्ये तिथे मोठा उद्रेक झाला आणि माथ्यावरच्या दोलोम्यू खड्ड्याचा तळ ३०० मीटरपेक्षा जास्त खचला, म्हणजे किलाउआवर जे झालं ते ११ वर्षं आधी इथे झालं होतं.

या बेटापासून उलटं उत्तरेकडे ये. मॉरिशस, तिथला सगळ्यात जुना लाव्हा ८०-९० लाख वर्षांचा, आपली मराठी माणसं पिढ्यानपिढ्या तिथे ज्या काळ्या दगडावर राहतात तो बेसाल्टच. मग चागोस, मग मालदीव, मग लक्षद्वीप, मग दख्खन. १९८७ साली जहाजावरून समुद्रतळाला भोकं पाडून खालचा बेसाल्ट काढला तेव्हा वयं ओळीने वाढत गेलेली दिसली, चागोसकडे सुमारे ४.९ कोटी वर्षं, मालदीवकडे ५.७ कोटी, आणि दख्खन ६.६ कोटी. म्हणून बहुतेक लोक म्हणतात की भारत ज्या वेळी या हॉटस्पॉटवरून उत्तरेकडे चालला होता त्या वेळी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला. सगळ्यांना हे मान्य नाही, काही चांगले जिओलॉजिस्ट म्हणतात की जमीन ताणली जाऊन फाटली म्हणून लाव्हा आला, हॉटस्पॉटची गरज नाही. मला स्वतःला वयांची ही रांग सोडून देता येत नाही. एक गंमत बघ, आपलं नागपूर २१ अंश उत्तरेला आणि तो पितों २१ अंश दक्षिणेला.

मग दख्खन शील्ड का नाही? कारण शील्डला एक माथा असतो आणि थर त्याच्यापासून चारही बाजूंना उतरत जातात. दख्खनमध्ये असा माथा सापडत नाही. चिखलदऱ्याला पंचबोल पॉईंटवर उभा राहा आणि समोरचा कडा बघ, पायऱ्या-पायऱ्यांचे थर जवळपास आडवे, दरीच्या या बाजूचा थर त्या बाजूला त्याच उंचीवर. उतार एक अंशाच्याही आत. आणि लाव्हा आला कुठून ते बघायचं तर धुळे-नंदुरबारकडे जा, तिथे जमिनीतून काळ्या दगडाच्या भिंती किलोमीटरच्या किलोमीटर सरळ रेषेत निघालेल्या दिसतात, त्यांना डाइक म्हणतात, म्हणजे भेगेत थिजून राहिलेला लाव्हा. अशा भेगांमधून इतका लाव्हा आला की आज झिजून झिजूनसुद्धा ५ लाख चौरस किलोमीटर उरलाय, सह्याद्रीत जाडी दोन किलोमीटरच्या आसपास, काही लाव्हा तर वाहत वाहत आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत गेला असं मानतात. मौना लोआ १८४३ पासून ३४ वेळा पेटलाय, शेवटचा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, पण तो सगळा लाव्हा एकत्र केला तरी दख्खनच्या एका मोठ्या थरापुढे किरकोळ आहे. हो, एक गोष्ट खरी आहे की पुणे-नाशिककडचे बरेच थर हवाईसारखे लहान-लहान लोळांचे बनलेत, म्हणून काही संशोधकांनी तिकडे शील्डसारखा फुगवटा असावा असं मांडलंय. पण आपल्याकडे पूर्वेला येईपर्यंत एकसंध पसरलेल्या चादरी जास्त.

नागपूर या सगळ्याच्या काठावर आहे, म्हणून तर मला हे गाव जिओलॉजीसाठी फार आवडतं. या भागात ट्रॅपची पूर्वेकडची हद्द शहरातूनच जाते. पश्चिमेला सेमिनरी हिल्स, अंबाझरी, गिट्टीखदान इकडे बेसाल्ट, आणि पूर्वेला पारडी-कळमन्याकडे त्याच्यापेक्षा कितीतरी जुना नाइस नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा खडक, उत्तरेला कामठीकडे गोंडवना नावाच्या जुन्या थरांचा वाळूचा दगड आणि कोळसा. गिट्टीखदान हे नाव उगाच पडलेलं नाही, गिट्टी बेसाल्टचीच निघते. रामटेकची टेकडी मात्र बेसाल्टची नाही, तिकडचे खडक फार म्हातारे.

शहराच्या पश्चिमेला जुन्या खाणीची भिंत किंवा रस्त्यासाठी कापलेली टेकडी दिसली की थांब आणि खालून वर बघत जा. थराच्या अगदी तळाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्यांसारखी छिद्रं दिसतील, ओल्या जमिनीवर लाव्हा आला तेव्हा वाफ वर निघाली त्याची. त्याच्यावर घट्ट, निळसर काळा, हातोडी मारली की खणकन वाजणारा भाग, हाच गिट्टीला जातो. वर जाता जाता बुडबुड्यांची भोकं वाढतात आणि त्यात पांढरे-गुलाबी खडे भरलेले असतात, झिओलाइट, कॅल्साइट, कधी गारगोटी. लाव्हा थिजल्यावर फार नंतर पाण्याने ते भरले. विहिरी खणणारे याला मांजऱ्या म्हणतात, आणि बोअरवाल्याला पाणी जास्त करून याच मांजऱ्यात किंवा दोन थरांच्या सांध्यात लागतं, मधल्या घट्ट काळ्या पाषाणात भेग नसेल तर कितीही फूट मारा, कोरडंच. मांजऱ्याच्या वर कधी कधी विटेसारखा लाल मातीचा पट्टा असतो आणि त्याच्यावर पुढचा थर सुरू. तो लाल पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधला शांत काळ, दगडाची माती व्हायला वेळ लागतो ना.

काही ठिकाणी त्या शांत काळात तळी झाली. आपल्या टाकळीला लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे, झाडांच्या बियांचे जीवाश्म सापडतात. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले, ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे, त्यांनी १८५० च्या दशकात ते गोळा करून जगासमोर आणले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात ते गेले. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये गोगलगायी सापडतात म्हणजे मधल्या काळात तिथे पाणी होतं, झाडं होती, जीव होते, हे नागपूरच्या दगडांनी किती आधी दाखवून दिलं, आणि आपल्या पोरांना हे ठाऊक नाही याची मला खरंच खंत वाटते.

आता बर्डीची टेकडी. ती आजूबाजूचा लाव्हाचा थर झिजून गेल्यावर उरलेला तुकडा आहे, बस. ज्वालामुखीचं तोंड असतं तर तिथे उभी नळी, तुटक्या दगडांचा आणि राखेचा ढीग, आडवे थर कापून वर गेलेला दगड असं काहीतरी दिसलं असतं. तसं काही नाही. टेकडी दिसली, दगड काळा दिसला की लोक ज्वालामुखी म्हणतात. लोणारचंही तसंच, सुमारे १.८ किलोमीटर रुंद गोल खड्डा बेसाल्टमध्ये आहे म्हणून पूर्वी बऱ्याच जणांनी त्याला ज्वालामुखी ठरवलं होतं, पण तो उल्का आदळून झालेला आहे आणि तेही दख्खनचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाल्यावर. परीक्षेसाठी अजून एक लक्षात ठेव, अंदमानातलं बॅरन बेट हा आपला जिवंत ज्वालामुखी आहे, १९९१ पासून परत पेटलाय, पण तो शील्ड नाही, मिश्र शंकू, म्हणजे लाव्हा आणि राखेच्या थरांचा उभा डोंगर आहे, तिथे एक प्लेट दुसरीखाली जाते त्यामुळे झालेला. प्रश्नात मौना लोआ आणि बॅरन जोडीने देऊन फसवतात.

शेवटचा प्रश्न, इथे परत लाव्हा येईल का. नाही. हॉटस्पॉट आता रियुनियनखाली आहे, नागपूरपासून ५००० किलोमीटरपेक्षा जास्त लांब, आणि आपली प्लेट त्याच्यापासून अजून उत्तरेलाच चाललीय. आपल्या खालचा भाग जुना, थंड आणि जाड आहे, शिलारसाचा साठा नाही. किनवटकडच्या उनकेश्वरला गरम पाणी निघतं ते दाखवून लोक विचारतात मग हे काय, तर ते पावसाचंच पाणी भेगांमधून खोल जातं, जमीन जसजशी खाली जावी तशी गरम होतेच, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. त्याला खाली ज्वालामुखी असावा लागत नाही.